शिवी कुणाला लागते, कुणाला लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: जिंतूर तालुक्यातल्या गावाहून हे कुटुंब छत्रपती संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहायला आलं. सासऱ्यांच्या बोलण्यात दर दोन-चार वाक्यांमागे ‘तुह्या मायला’ येतं. गावात त्याकडे कुणाचं लक्षही जात नव्हतं. इथं समोरच्या काकूंनी “आमच्यासमोर असलं बोलत जाऊ नका” असं तोंडावर सुनावलं. पहिलीतल्या लेकरानं तोच शब्द वर्गात वापरला, तेव्हा मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं. सासरे म्हणतात, ही शिवीच नाही. सून विचारते: काकू खरंच दुखावल्या, की उगीच शहरीपणा दाखवतात? आणि आता घरात करायचं काय?

ताई, तुमचे मामा, म्हणजे सासरे, खोटं बोलत नाहीत आणि काकूही नाटक करत नाहीत. एकाच शब्दात दोघांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. मराठीत शिवी देतात, घालतात, हासडतात, आणि समोरचा ती खातो. पण कामाचं क्रियापद ‘लागणे’ हे आहे. ठेच लागते, दृष्ट लागते, तशी शिवी लागते. देणाऱ्यानं ती किती जोरात दिली यापेक्षा ती ऐकणाऱ्याला कुठं धरते, यावर ते लागणं जास्त ठरतं.

हे ‘तुह्या मायला’च जरा उलगडून बघा. तुह्या म्हणजे तुझ्या, मायला म्हणजे आईला. तुझ्या आईला... आणि पुढं काही नाहीच. ‘ला’ लागला, पण क्रियापद आलं नाही. आईला काय, ते बोलणारा गिळतो. पुण्या-मुंबईकडं हेच वाक्य ‘तुझ्या आईला’पासून झिजत ‘तुझ्यायला’, मग ‘च्यायला’ आणि शेवटी नुसतं ‘आयला’ झालं. ‘आयला’त ‘तुझ्या’सुद्धा गळून पडलं, म्हणजे कुणाच्या आईला हेही उरलं नाही. म्हणूनच ‘आयला, पाऊस आला की’ हे भल्या-भल्या घरांत खपून जातं. परभणी-जालन्याकडं ‘तुह्या’ शाबूत राहिला. फरक एवढाच, पण काकूंच्या कानाला तो पुरतो. ‘तुह्या’ म्हटलं की समोर कुणीतरी माणूस उभा राहतो, ‘माय’ म्हटलं की त्याची आई उभी राहते, आणि गिळलेलं क्रियापद काकूंचं डोकं आपसूक भरून काढतं. मामांच्या डोक्यात ते क्रियापद पन्नास-साठ वर्षांत आलेलंच नाही. त्यांच्या तोंडात हा शब्द स्वल्पविरामाचं काम करतो.

मामा म्हणतात तसं हे खरंच बिनविषारी आहे का, ते तपासायला तीन वाक्यं पुरेत. “तुह्या मायला, लाईट गेली की!” यात समोर कुणीच नाही, शब्द हवेत सोडलेला आहे. “तुह्या मायला, कव्हा आला रे?” यात समोर जुना दोस्त आहे आणि शब्दात लाड आहे, पारावर हाच शब्द ऐकायला न मिळाला तर दोस्ताला वाटेल, याचं काहीतरी बिनसलंय. “तुह्या मायला, बघतोच तुला.” ही शिवी. अक्षरं तिन्हीकडं तीच आहेत. पहिल्या दोन वाक्यांतून शब्द काढून टाकला तर अर्थ जागचा हलत नाही. तिसऱ्यातून काढला तर धमकीची धार जाते. मामांची शंभरातली नव्वद वाक्यं पहिल्या-दुसऱ्या जातीची असतील. नांगरताना बैलाला त्याच्या धन्यावरून शिव्या देणारा शेतकरी स्वतःच तो धनी असतो; ते ऐकून बांधावर कुणी चिडत नाही, हसतात. पण हे गणित कळायला ऐकणारा त्याच बांधावरचा लागतो. जिन्यात भेटलेल्या काकूंना यातलं कोणतं वाक्य चाललंय हे कळायला वेळ मिळत नाही. त्यांच्या कानावर अर्धं वाक्य पडतं, तेही दाराआडून.

आता काकूंच्या बाजूनं. शिवी ऐकून अंगावर काटा येणं हे ढोंग नाही, शरीराची क्रिया आहे. शिव्यांसारखे निषिद्ध शब्द ऐकवताना लोकांच्या बोटांना यंत्र लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली, तर ती साध्या शब्दांपेक्षा जास्त वर जाते. नकळत सुटणाऱ्या बारीक घामाचा हा परिणाम. तो रोखून धरता येत नाही. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या लोकांवर २००३ साली असा अभ्यास झाला. त्यात निषिद्ध शब्दांचा परिणाम मातृभाषेत जास्त दिसला. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढं आहे. लहानपणी मोठ्यांनी दटावलं तशी वाक्यं मातृभाषेत ऐकवली, तर त्यांनाही शरीरानं दाद दिली. शब्द आणि त्या शब्दावर खाल्लेला मार स्मरणात एकत्र बांधले जातात. ज्या घरात ‘मायला’ म्हटल्याबरोबर पाठीत धपाटा बसला, त्या घरातल्या मुलीला चाळीस वर्षांनीही तो शब्द ऐकताना धपाट्याची आठवण येते. ‘आठवण’ म्हणायचं इतकंच, ती डोक्याआधी अंगाला येते. ज्या घरात तोच शब्द आजोबा लाडानं म्हणत, तिथल्या मुलीला काहीच होत नाही. त्यामुळं ‘एवढं काय लागलं त्यात’ या प्रश्नाला अर्थ नसतो.

मातृभाषेचा हा नियम आपल्याकडं रोज दिसतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दखनी-उर्दू घराघरांत नाही तरी बाजारा-बाजारात होती आणि आहे. ‘हरामखोर’, ‘नालायक’, ‘बेशरम’ हे शब्द तिकडून आले आणि मराठी तोंडात इतके रुळले की आता शाळेत मास्तरही वापरतात. शहरातली पोरं मराठीतली जड शिवी टाळून तीच हिंदीत हासडतात, कारण हिंदीत ती स्वतःच्याच कानाला हलकी वाटते. घरी हिंदी बोलणाऱ्या दोस्ताला मात्र ती पूर्ण वजनानं लागते. वसतिगृहांतली निम्मी भांडणं इथंच सुरू होतात. परक्या भाषेतली शिवी वापरणाऱ्यानं आपल्या कानावर भरवसा ठेवू नये.

मेंदूचीही एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, कारण मामांची सवय मोडायची तर ती कामाला येते. नेहमीचं बोलणं आपण जुळवून बोलतो; सवयीची शिवी जुळवावी लागत नाही, ती आख्खी बाहेर पडते. डाव्या मेंदूला झटका येऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांना पाण्याचा ग्लास मागता येत नाही, पण शिवी स्पष्ट देता येते; आकडे मोजणं, देवाचं नाव घेणं हेही कधी कधी असंच शिल्लक राहतं. म्हणजे सवयीची शिवी साठवलेली आहे नामस्मरणाच्या शेजारी, विचारपूर्वक बोलण्याच्या खोलीत नाही. म्हणूनच “मामा, विचार करून बोला” हा सल्ला लागू पडत नाही. शब्द सुटतो तिथं विचार पोचलेलाच नसतो.

दुखण्यावर शिवी औषध आहे असंही मामा म्हणतील. त्यात थोडं तथ्य आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात २००९ साली लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून हे पाहिलं गेलं. शिवी उच्चारत राहिलेले लोक साधा शब्द उच्चारणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ हात धरून राहिले. मात्र त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की रोज भरपूर शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. मामांच्या गुडघ्याला त्यांच्या शिवीनं आता फारसा आराम पडत नसणार. झिजलेलं नाणं आहे ते.

आता थोडं खोलात, कारण ‘शिवीच नाही’ या दाव्याची खरी तपासणी इथं होते. मराठी शिव्या ढोबळमानानं सहा ठिकाणी धरतात: आई-बहीण, बाईचं वैधव्य, जात, मरण किंवा रोगराई, शरीराचे अवयव आणि जनावर. जनावरांच्या शिव्या, म्हणजे गाढव, बैल, डुक्कर, घरातच खपतात. मरणाच्या शिव्या मुळात शाप होत्या. ‘मुडदा बशिवला तुहा’, ‘तुला पटकी नेवो’. पटकी म्हणजे कॉलरा, आणि कॉलऱ्यानं गावं ओस पडायची तेव्हा हा शाप ऐकून खरंच हात कापत असतील. पटकीची दहशत गेली, शाप पोकळ झाला, आणि आता आजी नातवाला ‘मुडद्या, जेवलास का’ म्हणते. शरीराच्या शब्दांचं उलटं झालं. तुकोबांच्या ‘भले तरी देऊ’ या ओळीत ‘गांडीची लंगोटी’ असा पाठ आहे, आणि शाळेत पोरं ‘कासेची लंगोटी’ म्हणतात. ज्या शब्दात तेव्हा कुणाला काही वावगं दिसलं नाही, त्याला पुढं सोवळं नेसवावं लागलं. शब्दाचं अक्षरही बदललेलं नाही. ऐकणारा वर्ग बदलला.

‘रांड’ हा शब्द याच्या मधे अडकलेला आहे. त्याचा जुना अर्थ विधवा. ‘रंडकी’, ‘रांडाव’, ‘बोडकी’ ही सगळी नवरा मेलेल्या बाईची वर्णनं आहेत, पुढं तीच चारित्र्यावरची शिवी झाली. म्हणजे जिच्यावर आभाळ कोसळलं तिचंच नाव शिवी म्हणून दुसऱ्यांना वाटलं गेलं. मराठवाड्यात ऐन तिशीत कुंकू पुसावं लागलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या घरांत तर आहेतच. त्यांच्या अंगणात ‘रांडेच्या’ हा शब्द कुणी बैलाला उद्देशून म्हटला, तरी तो बैलापर्यंत पोचण्याआधी त्या बाईला लागतो. बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

आई-बहिणीच्या शिवीचंही असंच आहे. भांडण दोन पुरुषांचं असतं. एकमेकांना मारायला ते हत्यार शोधतात, आणि हाताला लागते दोघांपैकी एकाची आई. ती बिचारी घरी भाकरी थापत असते. ही रीत जुनी आहे. शिलाहार-यादव काळात दान दिलेल्या जमिनीच्या दगडावर ‘गधेगाळ’ कोरत: हे दान जो मोडील त्याच्या आईला गाढव लागो, असा शाप, वर गाढव आणि बाई यांचं चित्र. मुंबईतल्या परळच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात हा शाप मराठीत, क्रियापदासकट आहे. राजाच्या शिलालेखानंसुद्धा गुन्हेगाराला न धरता त्याच्या आईला धरलं. पुरुषाची अब्रू त्याच्या घरातल्या बाईच्या देहात ठेवलेली असते, या समजुतीशिवाय ही शिवी चालूच शकत नाही. म्हणून पुष्कळदा असं दिसतं की ज्याला शिवी दिली तो हसतो आणि शेजारून जाणारी बाई गप्प होते. मामांचा दोस्त लागून घेत नाही, काकूंना लागते. काकू त्या संभाषणात नव्हत्या हे खरं, पण शिवी ज्या घरात शिरते तिथं काकूंसारखीच कुणीतरी बसलेली असते. सौंदाळा हे गाव मराठवाड्याच्या शेजारच्या नेवासा तालुक्यात आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला, तोही बायकांच्या सन्मानाचं कारण देऊन. गावाकडं कुणाला काही वाटत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वाटत होतं; बोलायला जागा नव्हती.

जातीवरच्या शिवीला मी या यादीत धरलं, पण तिला वरचं काहीच लागू होत नाही. तिथं ‘सहज निघालं’, ‘आमच्याकडं असंच बोलतात’, ‘मनात काही नव्हतं’ हे एकही कारण चालत नाही. बाकीच्या शिव्या खालून वर, वरून खाली, आडव्या कशाही जातात. जातीवरची शिवी फक्त वरून खाली जाते आणि तिच्यामागं पाणवठ्यापासून हाकलल्याचा इतिहास उभा असतो. घरातलं लेकरू असला शब्द उचलून आलं, तर त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवा आणि आधी तेवढं बोला.

परंपरेचा दाखला मामा देतीलच, म्हणून तो आधीच तपासून ठेवा. गंगाखेडच्या जनाबाईंनी साक्षात विठ्ठलाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलंय, पुढं त्याच्या बायकोला रंडकी केलंय आणि शेवटी सही केल्यासारखं ‘उभी राहूनी अंगणी, शिव्या देत दासी जनी’ असं सांगितलंय. पण दिशा बघा. दासी देवाला देते आहे. खालचं माणूस सगळ्यात वरच्याला देतं, तेव्हा ती शिवी जवळीक होते. शिमग्याला गाव बोंबा मारतं, त्याला वर्षातल्या ठरावीक दिवसांची हद्द असते. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. एरवी ज्याच्यापुढं सासुरवाडी हात जोडते त्या जावयाची एका दिवसापुरती फजिती, आणि तीही मानाची. वेळ ठरलेली, नातं ठरलेलं, दिशा खालून वर. मामांच्या जिन्यातल्या शब्दाला यातलं काय आहे, हे तुम्हीच मोजा. दिशा उलटी झाली की काय होतं ते ऊसतोडीच्या फडात दिसतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादम जी शिवी देतो, ती शब्दानं पारावरच्या दोस्तासारखीच असते. पण कोयता उलटून तीच देऊ शकत नाही; पैसे अंगावर आहेत. परत देता येत नाही ती शिवी चेष्टा नसते. ही एक कसोटी लक्षात ठेवली तरी निम्मे वाद मिटतात: समोरच्यानं हाच शब्द मला दिला असता तर चाललं असतं का, आणि त्याची तशी छाती झाली असती का?

आता घरात काय करायचं.

आधी तीन दिवस काही न बोलता नुसतं मोजा. कागदावर रेघा ओढा: शब्द कधी निघाला, समोर कोण होतं, आधी काय झालं होतं. बहुतेक माणसांत ठिणग्या चार-पाचच निघतात. फोन लागत नाही, टीव्हीवरच्या बातम्या, लिफ्ट बंद, गुडघा, गावाकडच्या माणसाचा फोन. शेवटच्या प्रकाराला हात लावू नका. गावच्या दोस्ताशी ते कसं बोलतात हा त्यांचा प्रश्न आहे. फोन गॅलरीऐवजी आतल्या खोलीत घ्यावा, एवढंच पुरे.

सांगायचं कुणी? तुम्ही नाही. सुनेनं सासऱ्याला तोंडावर ‘असं बोलू नका’ म्हणणं आपल्याकडं बसत नाही, आणि सांगितलं तर विषय शिवीवरून उडून तुमच्या तोंडावर येईल. नवऱ्यालाही शक्यतो पुढं करू नका; बाप-लेकात जुने हिशेब असतात. सगळ्यात चांगलं चालतं लेकीचं, म्हणजे तुमच्या नणंदेचं. नणंद आली की जेवणं झाल्यावर, पान-सुपारीच्या वेळेला, लेकरू झोपल्यावर. शब्द सुटला त्या क्षणी कधीच नको, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. चारचौघांत टोकलं की माणूस तोच शब्द मुद्दाम मोठ्यानं म्हणतो.

मागणी लहान ठेवा. “शिव्या बंद करा” ही मागणी हरते, कारण ती सबंध माणूस बदलायला सांगते. “दादा, जिना, पार्किंग आणि लेकराच्या समोर, एवढ्या तीन ठिकाणी नको” ही लेकीनं बापाकडं केलेली मागणी पाळता येते. माणूस जागा बघून बोलणं आधीपासून करतच असतो. मामा देवळात, भजनात, व्याह्यांच्या बैठकीत हा शब्द काढत नसतील, बघा. म्हणजे ब्रेक आहे. तो आणखी तीन ठिकाणी लावायचा आहे, इतकंच. नणंदेनं हे उदाहरण जरूर द्यावं, त्यात मान राहतो.

नुसता शब्द काढून घेतला तर त्या जागी भोक पडतं आणि जुना शब्दच तिथं परत येऊन बसतो. त्या जागेला बदली माल लागतो, तोही त्याच वजनाचा. दोन-चार अक्षरी, जोरात सोडता येईल असा, वाक्याच्या सुरुवातीला बसणारा. ‘अरे देवा’ फार मऊ आहे, चालणार नाही. ‘बाबो’, ‘अगागा’ हे टिकतात. ‘तिच्यामारी’ निम्म्या घरांत चालतं, निम्म्यांत नाही. गंमत म्हणून सांगायचं तर ‘मायंदाळ’ हा आपला अस्सल शब्द ‘माय’नंच सुरू होतो आणि अर्थ फक्त ‘पुष्कळ’. जीभ ‘माय’पर्यंत गेली तरी तिथून सुटका करून घेता येते. शहरातली पोरं ‘भेंडी’ वगैरे भाज्या पुढं करतात, त्याचा मात्र भरवसा धरू नका. अर्धा शब्द झाकला की ऐकणारा उरलेला स्वतः भरतो, आणि आपण सुरुवातीला पाहिलं तेच झालं. चार-आठ दिवसांत फरक दिसेल असं मनात धरू नका. दोन-तीन महिने द्या. मधे घसरलं तर कुणी मोजून दाखवू नये. दर शिवीला दहा रुपये गल्ल्यात टाकायची युक्ती कॉलेजच्या पोरांत चालते. म्हाताऱ्या माणसाला लेकाच्या घरात दंड लावणं म्हणजे त्याला पाहुणा ठरवणं.

नातवाला आजोबांचा मास्तर करू नका. “आजोबा, शिवी!” म्हणून लेकरू ओरडलं की घरातले हसतात, आजोबांचा अपमान होतो आणि लेकराला कळतं की या शब्दात घर हलवायची ताकद आहे. सहा वर्षांच्या पोराला अर्थ माहीत नसतो, परिणाम माहीत असतो. म्हणून पहिल्यांदा शब्द निघेल तेव्हा हसू नका, दचकू नका, जिभेवर मिरची लावायची धमकी तर अजिबात नको. तिनं शब्द जात नाही, तुमच्या पाठीमागं सरकतो. सपाट आवाजात एकच वाक्य: “हा शब्द दुसऱ्याच्या आईला धरून आहे, त्याला वाईट वाटतं, राग आला तर ‘मला राग आला’ असं म्हण.” मग पुढच्या कामाला लागा. “आजोबा म्हणतात की” असं उत्तर येणारच. तेव्हा आजोबांना वाईट ठरवू नका. आजोबा तंबाखूही मळतात, सुई टोचून घेतात, एकटे गावाला जातात. मोठ्यांच्या काही गोष्टी लहानांच्या नसतात, हे पोरांना सहज पटतं. मॅडमच्या डायरीवर सफाई लिहित बसू नका. ‘वाचलं, घरी बोललो आहोत, पुन्हा झालं तर कळवा’ एवढं पुरेसं आहे.

काकूंकडं एकदा जाऊन या, रिकाम्या हातानं नको, गावाकडची ज्वारी किंवा हरभऱ्याची भाजी घेऊन. “मामांचा बोलायचा ढंग गावाकडचा आहे, तुमच्यावर नव्हतं, आम्ही बघतोय.” यात ‘पण’ घालू नका. “पण गावाकडं असंच असतं” म्हटलं की माफी संपली आणि भाषण सुरू झालं.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. जन्मात कधी शिवी न दिलेलं वयस्क माणूस एकाएकी शिव्या द्यायला लागलं, सोबत चारचौघांतली लाज सुटली, वागणं बदललं, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार किंवा छोटा झटका असू शकतो. आणि लेकरू डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं यांच्याबरोबर मधेच शिवी उच्चारत असेल, आणि थांबवू पाहिलं तरी थांबवता येत नसेल, तर तो टुरेट नावाचा विकार असण्याची शक्यता तपासावी लागते. टुरेट असलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांतच शिव्या निघतात, म्हणून फक्त शिवीवरून घाबरू नका. आधीच्या हालचाली बघा. मामा आयुष्यभर तसेच बोलत आले आहेत, त्यांना यातलं काही नाही.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण सोसायटीत कुणीतरी ‘पोलिसात जातो’ म्हणतंच. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम अपमान केला तर कलम ३५२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. हा अदखलपात्र गुन्हा असल्यानं ठाण्यात ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून सोडतात. सार्वजनिक जागी अश्लील शब्दांनी इतरांना त्रास दिला तर कलम २९६, तीन महिन्यांपर्यंत. बाईच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनं बोललं तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत. तिन्हींत हेतू किंवा झालेला त्रास दाखवावा लागतो. लिफ्ट बंद पडली म्हणून हवेत सोडलेल्या ‘मायला’वर काही उभं राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४मध्ये म्हटलंय की शिवराळ भाषा असली म्हणून ती आपोआप अश्लील ठरत नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाला जातीवरून चारचौघांना दिसेल-ऐकू येईल अशी शिवी त्या जाती-जमातींबाहेरच्या कुणी दिली, तर मात्र १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. तिथं ‘एनसी’ करून सुटका नाही.

राहिला प्रश्न ‘मुडद्या’चा. आत्याबाई, म्हणजे तुमच्या सासूबाई, नातवाला तसं म्हणत असतील आणि तेही काकूंनी ऐकलं असेल, तर त्याला हात लावू नका. आधी ती तीन ठिकाणं सांभाळा.